दोन मिलिमीटर डावीकडे

बसचा सायलेन्सर तुटून रस्त्यावर खरडायला लागला, तेव्हा मेरिन ट्रेगेना बसमध्ये एकटीच होती. पोरांना क्वीन्सटाउनच्या शाळेत सोडून ती रिकामी बस घेऊन झीहानकडे परत येत होती. पाऊस होताच. तास्मानिया बेटाच्या या पश्चिम किनाऱ्यावर पाऊस पडतोय असं कुणी सांगत नाही. थांबला तर मात्र एकमेकांना हाक मारून सांगतात.

ती खाली उतरली, गुडघ्यावर बसली, वाकून पाहिलं. तेवढ्यात मागून एक करडी गाडी येऊन थांबली. मागे हौद्यात गॅसच्या नळ्या, लोखंडाचे तुकडे. त्यातून एक उंच माणूस उतरला.

"बँड छान आहे तुझा," तो म्हणाला. "मागच्या वळणापासून ऐकतोय."

"पैसे न देता ऐकलास. आता निघ."

"तार आहे का?"

"आहे. मीच बांधणार आहे."

"खाली चिखल आहे."

"मला दिसतो चिखल."

पण तोवर तो पाठीवर सरकत बसखाली गेलासुद्धा. बाहेर राहिले फक्त त्याचे बूट... आणि एक हात. तो हात तळवा वर करून वाट बघत राहिला. मेरिनने त्यावर तार ठेवली, मग पक्कड ठेवली. बोटांवर वेल्डिंगच्या ठिणग्यांचे बारीक बारीक डाग होते. तिच्या वडिलांच्या बोटांवर होते तसेच.

"नाव काय तुझं?" खालून आवाज आला.

"आधी सायलेन्सर."

"बांधला."

"...मेरिन."

"मी राडेक." तो बाहेर आला तेव्हा पाठ, केस, एक कान — सगळं चिखलात माखलेलं. "ही तार संध्याकाळपर्यंत टिकेल. खाणीच्या फाटकासमोर माझी शेड आहे. आण, नीट वेल्डिंगचा डाग मारून देतो."

ती हसली नाही. पण बस सुरू करताना आरशात तिने एकदा पाहिलं — तो पावसात उभा राहून कानातला चिखल काढत होता — आणि मग मात्र तिला हसू आवरलं नाही.

राडेक सोबोलचे आजोबा पोलंडहून धरणं बांधायला आले आणि इथेच राहिले. राडेक खाणीच्या वर्कशॉपमध्ये होता. खाण बंद पडली, गाव निम्मं रिकामं झालं. त्याने शेड भाड्याने घेऊन मिळेल ते काम केलं; पण आता कालगुर्लीच्या सोन्याच्या खाणीत त्याला नोकरी मिळाली होती. हिवाळा संपायच्या आत रुजू व्हायचं होतं. समुद्र ओलांडून, देशाच्या पार दुसऱ्या टोकाला.

हे सगळं मेरिनला पहिल्याच संध्याकाळी शेडमध्ये कळलं. तरीही सायलेन्सर झाल्यावर ती म्हणाली, "अजून एक काम आहे. मोठं आहे."

काम म्हणजे तिच्या वडिलांची होल्डन गाडी. चौसष्ट सालची, फिकट निळी, इंजिनाविना परसात उभी. क्लेम ट्रेगेना आयुष्यभर खाणीत फिटर होते. निवृत्त झाल्यावर गाडी करू, म्हणत राहिले. आणि निवृत्त झाले तेव्हा फुप्फुसं दगडाच्या धुळीने भरलेली निघाली. आता नाकात ऑक्सिजनची नळी. दारापासून चुलीपर्यंत चालले तरी धाप. उन्हाळा बघतील, असं डॉक्टर म्हणत नव्हते.

"त्यांना एकदा तिच्यात बसून समुद्रापर्यंत जायचंय," मेरिन म्हणाली. "एवढंच. दुसऱ्या गाडीने नेते म्हटलं तर नाही म्हणतात."

"इंजिन?"

"धडकलेल्या कमोडोर गाडीचं आहे. इंजिन धडधाकट आहे. पण ते या गाडीसाठी बनलेलं नाही."

"म्हणजे इंजिन चासीला धरून ठेवणारं माउंटिंग बनवावं लागेल. तेलाचं चेंबर कापून उथळ करावं लागेल, सायलेन्सरचे पाइप नव्याने वाकवावे लागतील. जोडसंच विकत मिळतो की."

"बाबा म्हणतात, विकतचं माउंटिंग म्हणजे दुसऱ्याच्या कवळीने जेवणं."

राडेक हसला. मग गंभीर झाला. "जायच्या आत होईल," तो म्हणाला. "आण गाडी."

अशी त्यांची रोजची भेट सुरू झाली. बस उभी करून मेरिन शेडवर यायची. पत्र्यावर पावसाचा ताशा, कोपऱ्यात लाकडाची शेगडी, आणि चेन-कप्पीला टांगलेलं इंजिन — जमिनीवर पाय टेकवायचे की नाही, हे न ठरलेल्या पाहुण्यासारखं. राडेक पुठ्ठा कापून आधी कागदी माउंटिंग करायचा, ते गाडीच्या चासीवर धरून बघायचा. मेरिन पलीकडून धरायची. मध्ये इंजिनाएवढी जागा. इंजिनाच्या वरून नजरा भिडायच्या... आणि दोघंही घाईघाईने पुठ्ठ्याकडे बघायची.

"खाली घे."

"घेतलं."

"थोडं माझ्याकडे."

"पुठ्ठा की मी?"

"...पुठ्ठा. आत्तापुरता."

ती घरून पास्टी आणायची, मांस-बटाटा भरून भाजलेली मोठी करंजी. त्याने एकदा पिरोगी आणल्या, उकडलेल्या छोट्या पोलिश करंज्या.

"ही तर आमची पास्टीच," मेरिन म्हणाली. "धुण्यात आटलेली."

"आणि तुमची पास्टी म्हणजे आमची पिरोगी. माज चढलेली."

पोलादाचं पहिलं माउंटिंग तयार झालं. वेल्डिंगचे टाके मारून, घासून, राडेकने ते जागेवर धरलं. मेरिनने व्हर्निअर, बारीक मापाची मोजपट्टी, लावला. ती फिटरची मुलगी होती; वाचायला शिकायच्या आधी व्हर्निअर वाचायला शिकली होती. माप तंतोतंत होतं. कुठे केसाचाही फरक नाही.

राडेक बराच वेळ माउंटिंगकडे बघत राहिला. मग तिच्याकडे न बघता म्हणाला, "दोन मिलिमीटर डावीकडे गेलंय. पुन्हा करावं लागेल."

शेगडीत लाकूड तडतडलं. मेरिनने व्हर्निअर मिटला.

"हो," ती म्हणाली. "मलाही तसंच वाटतंय."

दुसरं माउंटिंग जरा जाड झालं. तिसऱ्याचं भोक त्याला पसंत पडेना. कालगुर्लीहून फोन आला, त्याने चार दिवस मागून घेतले, मग आणखी मागून घेतले. मेरिनला ते ऐकू आलं आणि त्या दिवशी घरी जाताना बसच्या स्टिअरिंगवर तिची बोटं उगाच ताल धरत होती.

"झालं का?" क्लेम घरी विचारायचे.

"माउंटिंग पुन्हा करतोय, बाबा."

"पुन्हा?" ते हसले. हसता हसता खोकला आला, तो लवकर थांबेना. मेरिनने पाठीवर हात ठेवला. हाताला नुसती हाडं लागली. श्वास लागल्यावर ते म्हणाले, "फारच काटेकोर दिसतोय तुझा कारागीर."

"माझा काय त्यात!"

"बरं, माझा. माझ्या गाडीचा." आणि खिडकीबाहेर बघत राहिले. परसात जिथे गाडी उभी असायची तिथे आता गवताचा पिवळा चौकोन होता.

त्या आठवड्यात एका दुपारी मेरिन आणि राडेक पाइप निवडत होते. हा वाकवू की तो, यावर लटकं भांडण चाललं होतं. फोन वाजला. शेजारच्या ग्वेनबाई होत्या. "मेरिन, रुग्णवाहिका बोलावली आहे मी. तू ये."

ती निघून गेली, तो तिथेच पाइप हातात धरून उभा.

क्लेम बर्नीच्या इस्पितळातून परत आले नाहीत. शेवटच्या दिवशी त्यांनी गाडीचं विचारलं नाही. पावसाचं विचारलं, थांबलाय का म्हणून. मेरिन म्हणाली, थांबलाय. खिडकीवर पाणी वाहत होतं.

अंत्यविधीला राडेक सगळ्यांच्या मागे, भिंतीला टेकून उभा राहिला. तिने त्याला पाहिलं आणि नजर वळवली. तो जवळ आला नाही.

त्यानंतर बरेच दिवस ती शेडवर गेली नाही. बस चालवायची, पोरं सोडायची, घरी यायची. फाटकासमोरून जाताना शेडच्या दाराकडे बघायची नाही. शेवटी एका शनिवारी सकाळी ती दार ढकलून आत आली. राडेक अवजारं खोक्यात भरत होता. होल्डन तशीच, इंजिन तसंच टांगलेलं.

"मेरिन—"

"पहिलं माउंटिंग कुठे आहे?"

तो बाकाखाली वाकला आणि कापडात गुंडाळलेलं माउंटिंग काढून तिच्यासमोर ठेवलं.

"बरोबर होतं ना ते?"

"...हो."

"माहीत होतं मला. मी मोजलं होतं."

पत्र्यावर पाऊस कोसळत होता.

"मग बोलली का नाहीस?" त्याने हळूच विचारलं.

"तू का नाही बोललास?"

"कारण गाडी झाली असती तर तू यायची थांबली असतीस."

"आणि मी... मी त्याच कारणाने." तिने माउंटिंग उचललं. "तेवढ्या दिवसांत झाली असती गाडी. बाबा बसले असते."

"कदाचित त्यांना बाहेर काढता आलंच नसतं, मेरिन. तब्येत—"

"मला दिलासा देऊ नकोस. हातमोजे घाल. आज हे इंजिन खाली उतरवायचं."

दोघांनी काम सुरू केलं. पहिल्या माउंटिंगला पक्के डाग दिले. राडेकने कप्पीची साखळी कडी-कडीने सोडली. इंजिन नाक वर करून आत शिरलं. मेरिन गाडीखाली झोपून गिअरबॉक्सच्या शेपटीला दिशा देत होती. ती "थांब" म्हणाली की तो थांबायचा, "सोड" म्हणाली की सोडायचा. एवढेच शब्द. पूर्वी याच जागी किती बडबड चालायची...

इंजिन बसलं. मेरिन बाहेर आली, बोल्ट उचलला, भोकावर धरला. पानाही लागला नाही. बोल्ट नुसत्या बोटांनी, लोण्यात सुरी जावी तसा आत गेला.

आणि ती कोसळली. तिथेच, थंड फरशीवर, गाडीच्या चाकाला टेकून. इस्पितळात रडली नव्हती, चर्चमध्ये रडली नव्हती. आता हुंदके थांबेनात. राडेक तिच्याजवळ जमिनीवर बसला. खांद्यावर हात ठेवावा की नाही, त्याला कळेना. शेवटी त्याने आपला हात दोघांच्या मध्ये फरशीवर ठेवला. बऱ्याच वेळाने तिने तो धरला. तेलकट, ओला, घट्ट.

"मेरिन, माझं तुझ्या—"

"आत्ता नको," ती म्हणाली. "आत्ता बोललास तर मी तुझा राग करीन."

हात मात्र तिने सोडला नाही.

पुढचे काही दिवस पाइप, वायरी, रेडिएटर यांत गेले. मग एका सकाळी मेरिनने किल्ली फिरवली. इंजिन खोकलं, थांबलं, पुन्हा खोकलं... आणि धरलं. शेड भरून तो खोल, गोल आवाज घुमला. दोघं एकमेकांकडे बघून हसली नाहीत. राडेकने कान लावून ऐकलं, मान हलवली. "सूर बरोबर आहे."

त्याच दिवशी त्याला निघायचं होतं. आणखी मुदत मिळणार नव्हती. त्याची करडी गाडी पुढे, मेरिनची निळी होल्डन मागे. हमरस्त्याच्या फाट्यापर्यंत सोडते, म्हणाली होती. फाट्यावर पावसाने जरा उसंत घेतली होती. दोन्ही गाड्या शेजारी-शेजारी थांबल्या, काचा खाली झाल्या. इंजिनं चालूच.

"थांब म्हण," राडेक म्हणाला. "एकदा म्हण. नोकरी गेली खड्ड्यात."

मेरिनने मान हलवली. "तू इथे राहिलास तर रोज तुला बघताना बाबांची रिकामी खुर्ची आठवेल मला. तुझ्यावर चिडेन, स्वतःवर चिडेन. मग एक दिवस आपण दोघं गप्प जेवायला लागू."

"आणि मी गेलो तर?"

"तर रोज तू आठवशील." ती किंचित हसली. कितीतरी दिवसांनी. "तेवढं मला झेपेल."

"किती दिवस?"

"उन्हाळ्यात शाळा बंद असते. बस उभी असते."

"मेरिन, कालगुर्ली म्हणजे मधलं सगळं वाळवंट ओलांडायचं. या जुन्या गाडीने?"

"गाडी जुनी आहे. इंजिन कुणी बसवलंय ते ठाऊक आहे ना तुला?"

त्याने खिडकीतून हात बाहेर काढला. दोन गाड्यांच्या मध्ये तिचा हात पोचला, बोटांना बोटं लागली. मग त्याने गिअर टाकला. "समुद्रापलीकडे नेणारी बोट चुकेल," तो म्हणाला, आणि उत्तरेकडे वळला. मागचे लाल दिवे धुक्यात विरून गेले.

मेरिनने गाडी वळवली. थोडं अंतर गेली आणि पाऊस पुन्हा कोसळला. तिने वायपरचं बटण ओढलं. काहीच नाही. पुन्हा ओढलं. तिने गाडी कडेला घेतली आणि फोन लावला.

"वायपर चालत नाहीत," ती म्हणाली.

पलीकडे करकचून ब्रेक लागल्याचा आवाज. "अगं आई... वायपर!"

"मुद्दाम?"

"नाही गं. शपथ. या वेळी खरंच विसरलो." त्याने गाडी बंद केल्याचं तिला ऐकू आलं. "परत येऊ?"

"नको. बसते मी थांबून." ती काचेवरून ओघळणाऱ्या पाण्याकडे बघत राहिली. "कुठे आहेस?"

"कडेला थांबलोय. पुढच्या वळणानंतर फोन लागत नाही."

दोघांनीही फोन ठेवला नाही. त्याच्या टपावर पडणारा पाऊस तिला ऐकू येत होता, आणि तिच्या टपावरचा त्याला.

"राडेक," ती म्हणाली, "मी तुझ्यावर प्रेम करते. त्या दिवशी तुला बोलू दिलं नाही म्हणून... मीच सांगतेय." तिने फोन कानाला घट्ट धरला. "ऐकू आलं का?"

"आलं. पुन्हा म्हण."

तिने पुन्हा म्हटलं. मग त्याची गाडी सुरू झाल्याचा आवाज आला, त्याचं "मीही, मेरिन, मीही —" आलं, आणि वळणापाशी आवाज तुटला.

मेरिनने फोन शेजारच्या सीटवर ठेवला. इंजिन बंद केलं नाही. आत ऊब येत होती. बाहेर काही दिसत नव्हतं. पाऊस ओसरायची वाट बघत ती बसून राहिली.