आधी तुम्ही ठेवा

‘चार शब्द’ कंपनीचा वर्षाचा हिशेब पाहून कुणालाही घाम फुटला असता. ग्राहक चौपट आणि तोटा सहापट! वित्तप्रमुख मंजिरी टिपणीसला तर सकाळचा चहाही गोड लागला नव्हता.

कंपनीचा माल म्हणजे ‘सोबती’. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांशी फोनवर अगदी माणसासारखा गप्पा मारणारा यंत्रआवाज. औषधांची आठवण करून देणं, जुने किस्से ऐकणं, कुणाला भेटायचं असेल तर परस्पर वेळ ठरवून देणं, ही त्याची कामं. वर्गणी ठरलेली; पण बोलण्याच्या प्रत्येक मिनिटाला महासंगणकाचा खर्च चढायचा, तो कंपनीच्या डोक्यावर. आणि बोलणं इतकं चाललं होतं, की काही विचारू नका!

“दुपारी संचालकांची बैठक आहे,” अध्यक्ष केळुसकर म्हणाले. “लहान गावांतली सेवा बंद करू, मंजिरीताई. दुसरा इलाज दिसत नाही.”

मिरजेला तिचे नाना एकटेच राहत. आई गेल्यापासून सोबतीचाच काय तो आधार. हे त्यांना सांगायचं कोणत्या तोंडाने? तरी तिने त्यांचा मोबाइल लावला.

“बोल पटकन, डाव रंगात आलाय,” नाना खेकसले. मागे कुणीतरी पत्ते पिसत होतं.

“नाना, तुम्ही बाहेर? मग घरी तुमचा सोबती कुणाशी बोलतोय? इथे माझ्या पडद्यावर लाइन चालू दिसतेय!”

“घोरपड्यांच्या सोबत्याशी. आमची वेळ ठरवायला फोन लावला त्याने. आम्ही दोघं इकडे पारावर डाव मांडून बसलो, तरी त्यांचं आपलं चालूच. रोजचंच आहे ते!”

“ऐकू का जरा?”

“ऐक की. आमचं कसलं आलंय गुपित!”

तिने लाइन उघडली.

“बाकी काय विशेष?”

“विशेष काही नाही. ठेवू या मग?”

“हो हो, आधी तुम्ही ठेवा.”

“छे, छे! आधी तुम्ही. बरं, बाकी काय विशेष?”

मंजिरीने कपाळावर हात मारला. समोरच्याच्या आधी फोन ठेवायचा नाही, ही रीत कंपनीनेच सोबत्यांना शिकवली होती, तीही मोठ्या कौतुकाने! तिने भराभर सगळ्या गावांच्या नोंदी तपासल्या. निम्म्याहून जास्त मिनिटं या मानपानातच गेली होती.

“अहो, संस्कारांनीच बुडवलं की आपल्याला!” तिने सांगताच केळुसकर पोट धरून हसले. “दोन्हीकडे सोबती असले, तर काम झालं की फोन बंद. एवढाच नियम घाला. सेवा कुठलीच बंद होणार नाही, मी सांगतो बैठकीत.”

मंजिरीला इतकं हलकं वाटलं, की डोळ्यांत पाणीच आलं. नानांचा सोबती राहणार होता, आणि नाना पत्त्यांत रमले होते. आणखी काय हवं?

नियम लागू करण्याआधी तिने नानांची लाइन स्वतःच बंद करायला घेतली.

“आमचे नाना अजून आले नाहीत,” एक आवाज म्हणाला.

“आमचेही नाहीत.”

“घर रिकामं असलं की करमत नाही हो. ते येईपर्यंत बोलत बसू या?”

मंजिरीचं बोट बटणावर तसंच राहिलं. फोन आधी ठेवायचा नाही, हे त्यांना कंपनीने शिकवलं होतं. पण न करमणं कुणी शिकवलं?