तळाचे पाणी आधी वळते

सकाळी दहा वाजून सात मिनिटांनी बेचाळीस शिनाण्यांनी एकाच क्षणी तोंडे मिटली.

चैत्रालीने ते आपल्या कानांनी ऐकले. शिनाणे म्हणजे खडकांना चिकटून राहणारे, हिरवट-काळ्या कवचांचे शिंपले. कांदळवीच्या खाडीत, तळापासून हातभर उंचीवर, जमिनीकडच्या जाळीच्या पेटीत ते ठेवलेले होते आणि प्रत्येकाच्या कवचावर तांदळाच्या दाण्याएवढा संवेदक (बदल जाणवताच विजेच्या इशाऱ्याने कळवणारे उपकरण) चिकटवलेला होता. कवच मिटले की होडीवरच्या कर्ण्यातून 'टक्' असा आवाज येई. एरवी एखादा टक् आता, एखादा घटकाभराने. आत्ता मात्र, काल-परवासारखाच, कोणीतरी दोन्ही हातांची बोटे एकदम मोडावीत तसा कडकडाट झाला. मग सारे चिडीचूप.

होडीभोवती धुके इतके दाट होते की वल्ह्याचे टोक दिसत नव्हते. पाणी शांतपणे समुद्राकडे ओसरत होते. त्यावरून एक पिवळे पान सावकाश गेले, पाठोपाठ दुसरे.

"कूर्म, काय झाले रे?" चैत्रालीने विचारले.

कूर्म हा कासवाच्या आकाराचा, पाणबुड्या यंत्रमानव. तो त्या वेळी बारा वाव खोल होता. वाव म्हणजे दोन्ही हात पसरल्यावर होते तेवढी लांबी. त्याचा सपाट आवाज वर आला, "समुद्राकडची पेटी, गढूळपणा नऊ. जमिनीकडची पेटी, गढूळपणा एकतीस. फरक, उणे बावीस. सर्व सुरक्षित."

"सुरक्षित असेल तर ते घाबरले कशाला?"

"सर्व सुरक्षित," कूर्म पुन्हा म्हणाला.

होडीच्या मागच्या फळीवर ताठ बसलेल्या डॉ. पद्मजा मोंडकरांनी चष्मा पुसला. त्या चैत्रालीच्या वडिलांच्या आत्या, म्हणून तिच्या आत्याआजी. कांदळवीतून शिकून शास्त्रज्ञ झालेल्या पहिल्या बाई. खाडीवर त्यांचा शब्द म्हणजे शब्द.

"घाबरले हा शब्द वापरू नकोस," त्या म्हणाल्या. "त्यांनी कवचे मिटली, एवढेच आपल्याला ठाऊक आहे. जे दिसले ते आधी सांगावे. अर्थ नंतर लावावा."

आता ही पेट्यांची भानगड काय होती, ते नीट समजून घेतले पाहिजे.

पलीकडच्या बंदरात जुन्या जहाजांचे रंग खरवडण्याचे काम वर्षानुवर्षे चाले. त्या रंगांतले तांबे आणि शिसे तळाच्या चिखलात मुरले होते. बंदर खोल करायचे तर तो विषारी चिखल काढणे भाग होते. पण ठेवायचा कुठे? उन्हात वाळला तर त्याची धूळ घराघरात शिरणार. म्हणून खाडीच्या तळाशीच एक खोल खड्डा खणला गेला. तराफ्यावरच्या नळीतून चिखल त्यात सोडायचा आणि खड्डा भरला की वर स्वच्छ वाळूचे जाड पांघरूण घालायचे. पांघरूण पक्के बसले की विष तळातच गाडले जाते.

धोका असतो तो चिखल सोडतानाचा. त्याचे लोट खड्ड्याबाहेर पसरत नाहीत ना, यावर डोळ्यांत तेल घालून पहारा ठेवावा लागतो. तो पहारा आत्याआजींनी बसवला होता. चिखल फक्त ओहोटीला सोडायचा, म्हणजे पाणी समुद्राकडे जात असणार. खड्ड्याच्या समुद्राकडच्या बाजूला एक पेटी, ती तपासणीची. जमिनीकडच्या बाजूला दुसरी, ती तुलनेची. खाडीचे पाणी मुळातच थोडे गढूळ असते, म्हणून तपासणीच्या आकड्यातून तुलनेचा आकडा वजा करायचा. उरेल ती खड्ड्याची घाण. बाकी वीसच्या वर गेली की भोंगा वाजे. तीन वर्षांत तो एकदाही वाजला नव्हता.

म्हणूनच, चिखलाच्या भीतीने तीन वर्षे बंद ठेवलेली जमिनीकडची तिसऱ्यांची पुळण (वाळूचा पट्टा) आज खुली होणार होती. तिसऱ्या म्हणजे वाळूत लपणारे छोटे शिंपले. पूर्ण ओहोटीला, अकराच्या सुमारास, बायका टोपल्या घेऊन पाण्यात उतरणार होत्या. त्यांत चैत्रालीची आई सुगंधाही होती. पुळण बंद झाल्यापासून ती दूरच्या मासळी गोठवण्याच्या कारखान्यात कामाला होती आणि पंधरा दिवसांतून एकदा घरी येई. काल रात्री जेवताना ती म्हणाली होती, "उद्या पुळण खुली झाली की मी काही परत जात नाही. बघच तू."

चैत्रालीने वही उघडली. कवचे अशी एकदम मिटली की ती वेळ टिपून ठेवत असे; यंत्र बिघडले असावे, असेच सगळ्यांना वाटे. परवा आठ वाजून एकोणतीस, काल नऊ अठरा, आज दहा सात. तिने बोटांवर हिशेब केला. रोज एकोणपन्नास मिनिटांचा उशीर.

"आत्याआजी, हे यंत्र बिघडलेले नाही," ती हळूच म्हणाली. "रोज पाऊण तासाने पुढे सरकते ते भरती-ओहोटीचे घड्याळ."

"म्हणजे चंद्राचे. शाबास. पुढे?"

"रोज ओहोटी संपायच्या तासभर आधी शिनाणे मिटतात. तराफ्यावरचे लोक चिखल सोडतात, तोही तेव्हाच."

"कारण तेव्हा वरचा प्रवाह मंद असतो. तराफा हलत नाही. ती वेळ मीच ठरवून दिली आहे." आत्याआजींचा आवाज किंचित कडक झाला. "पण ही पेटी जमिनीकडची आहे, मुली. पाणी चालले आहे समुद्राकडे. चिखल उलटा कसा येईल?"

तेवढ्यात होडीच्या पुढच्या टोकावर, नाळीवर बसून विडी विझवणारे दाजी तांडेल हसले. दाजी होडीचे मालक. उभी हयात त्यांनी या खाडीत जाळी टाकली होती.

"बाईंनू, वरचां पाणी चल्लांसा समुद्राक. तळाचां कधीच फिरलां."

आत्याआजींनी मान वळवली. "काय म्हणालात?"

"तळाचां पाणी आदी वळतां. आमच्यातल्या पोरासोरांकय ठावक आसा."

"मग तीन वर्षे तोंडात मिठाची गुळणी धरून बसला होतात?"

"माका कोणी इचारलांच नाय!" दाजी म्हणाले. "तुमची यंत्रां हुशार. म्हटलां, त्येंका ठावक आसतलां."

"मग आता दाखवा," आत्याआजी म्हणाल्या. 

दाजींनी फळीखालून एक दोर काढला. टोकाला शिशाचा गोळा आणि दर वावाला पांढऱ्या कापडाची एक चिंधी. जाळे टाकण्याआधी पाण्याची चाल पाहण्याचे हे त्यांच्या घराण्याचे साधन. दोर सरसर खाली गेला.

"कूर्म, दोराशेजारून वर-खाली पोह आणि दिवा लाव," आत्याआजींनी हुकूम सोडला.

पडद्यावर हिरवट उजेड पसरला. वरच्या चिंध्या समुद्राकडे फडफडत होत्या. कूर्म खाली उतरत गेला. सहाव्या वावाची चिंधी फडफडत नव्हती. ती सरळ खाली लोंबत होती, वारा पडल्यावर वाळत घातलेल्या कपड्यासारखी. आणि त्याखालच्या सगळ्या चिंध्या जमिनीकडे वळलेल्या होत्या, ताठ, जणू कोणी त्यांची टोके धरून गावाच्या दिशेने ओढत होते.

मग तो आला.

करड्या रंगाचा एक लोट. तो वर उठत नव्हता, उसळत नव्हता. तळाला पोट टेकून सरपटत होता. एका खडकापाशी आला, दोन्ही बाजूंनी त्याला वेढून पुढे गेला आणि खडक दिसेनासा झाला. एक खेकडा बिळाच्या तोंडाशी उभा होता, तोही दिसेनासा झाला. कशाचाही आवाज नव्हता. होडीच्या बरोबर खालून, मिटलेल्या शिनाण्यांवरून, तो मुकाट गावाकडे चालला होता. आणि वर, चैत्रालीच्या हाताजवळून, आणखी एक पिवळे पान समुद्राकडे गेले.



"समुद्राकडची पेटी, आठ. जमिनीकडची पेटी, सेहेचाळीस. फरक, उणे अडतीस," कूर्म म्हणाला. "सर्व सुरक्षित."

"चूप!" आत्याआजी गरजल्या. मग त्यांनी चैत्रालीकडे पाहिले. "कळले तुला?"

"थोडे थोडे. तळाचे पाणी उलटे का वळते?"

"समुद्राचे पाणी खारट, म्हणून जड. नदीचे गोडे, म्हणून हलके. जड पाणी तळाशी घुसते. ओहोटी दमत आली की वर गोडे पाणी अजून बाहेर वाहत असते, पण खाली खाऱ्याने आत चाल केलेली असते. दोन मजल्यांच्या घरात वरची माणसे बाहेर पडत आहेत आणि खालून कोणी आत शिरते आहे, तसे. पुस्तकात हे मी शंभरदा वाचले. इथे, माझ्याच खाडीत, तपासून पाहिले नाही."

"आणि कूर्म सुरक्षित का म्हणतो?"

"तुला ताप आला की मी कपाळाला हात लावून पाहते. पण मलाच ताप असेल तर?"

चैत्रालीने स्वतःच्या कपाळाला हात लावला. "तर माझे कपाळ तुम्हाला गार लागेल."

"तसेच. जिला आपण स्वच्छ मानून बसलो, त्या पेटीवरच घाण येत होती. तो आकडा आपण वजा करत होतो. घाण जितकी जास्त, तितके उत्तर चांगले. तुलना करायची तर तुलनेची जागा निर्मळ आहे ना, हे आधी पाहावे लागते. शिनाण्यांना वजाबाकी येत नाही, म्हणून ते फसले नाहीत."

चैत्रालीने घड्याळ पाहिले. साडेदहा. लोट पुळणीच्या दिशेने चालला होता. हे सांगितले तर पुळण बंदच राहणार आणि आई परत जाणार. अजून हे फक्त तिघांना ठाऊक होते. तिने ओठ घट्ट मिटून घेतले. आत्याआजी तिच्याकडे पाहत होत्या.

"दाजी, पुळणीवर चला," शेवटी चैत्रालीच म्हणाली. "लवकर."

आत्याआजींनी वाटेतच तराफ्याला नळी बंद करण्याचा हुकूम दिला. पुळणीवर पोहोचले तेव्हा धुक्यात तीस-पस्तीस बायका कासोटे मारून उभ्या होत्या. काहींनी दम न धरता आधीच टोपलीचा तळ झाकला होता. आत्याआजींनी हिरवा बावटा उतरवला आणि लाल चढवला.

"अगो बाई, सकाळी हिरवा, आता लाल!" कोणीतरी ओरडले. "बाई, तुमच्या बावट्यालाच विचारून सांगा एकदा, त्याच्या मनात आहे तरी काय!"

"चूक माझी आहे," आत्याआजी खणखणीत आवाजात म्हणाल्या.  "मी पाण्याचा वरचा मजला पाहिला. खालचा पाहिला नाही. तो या मुलीने आणि दाजींनी दाखवला. या तिसऱ्या आज कोणीही घरी न्यायच्या नाहीत. घाण इथवर पोहोचली आहे की नाही, ते तपासल्यावरच सांगेन."

सुगंधा पुढे आली. तिच्या टोपलीत दोन शेर तरी तिसऱ्या होत्या. तिने लेकीकडे पाहिले. "चैत्रा, तू स्वतः पाहिलेस?"

चैत्रालीने होकारार्थी मान हलवली. तिला रडू फुटत होते. "तळातून येत होतं, आई. गावाकडेच."

सुगंधाने टोपली उलटी केली. तिसऱ्या डुबुक डुबुक पाण्यात पडल्या. मागून एकेक टोपली रिकामी होऊ लागली.

"किती दिवस, आत्या?" तिने विचारले.

"खोटे सांगणार नाही. चिखल आता ओहोटीच्या पहिल्या अर्ध्या वेळातच सोडू, वरचे-खालचे पाणी एकाच दिशेने जात असते तेव्हा. खड्ड्यावर वाळूचे पांघरूण पावसाळ्याआधी पडेल. तिसऱ्यांच्या अंगात धातू गेले असतील, तर ते निघायला काही महिने लागतील. दिवाळी धर."

"म्हणजे सोमवारी मला परत जायला हवं."

"हो."

 सुगंधाने लेकीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि पाण्याकडे वळली.

"तुमच्या पेट्या कुठे आहेत हो, आत्या? खड्ड्याच्या दोन बाजूंना? तिथून काय कळणार! आम्हाला विचारा. तळाचं खारं पाणी पुळणीवर कुठून चढतं ते आमच्या पायांना कळतं. गार लागतं."

"पायांना?" आत्याआजींनी चष्मा सावरला. कधी नव्हे ते त्यांनी चैत्रालीच्या हातातली वही मागून घेतली आणि पेन्सिल काढली. "दाखव. आणि तू नसशील तेव्हा कोण दाखवेल, तेही सांग."

"ही दाखवेल की," सुगंधा म्हणाली. "चल गो, पाय काढ चपलेतून."

चैत्राली आईचा हात धरून धुक्यात उतरली. घोट्यापर्यंत, पोटरीपर्यंत, गुडघ्यापर्यंत. पाणी कोमट होते. आणखी चार पावले, आणि तळव्यांखालून एक गार धार सरकली, हलकेच, समुद्राकडून गावाकडे.

"इथे," चैत्राली ओरडली. "आत्याआजी, तिसरी पेटी इथे!"