सायीत मुरलेला आवाज

मिहिकाच्या रडण्याने सगळा मजला जागा झाला, फक्त तिची आई जागी झाली नाही. भर दुपारची वेळ. सात महिन्यांची पोर तापाने फणफणलेली, घसा सुकेपर्यंत रडत होती आणि आर्वी तिच्या शेजारीच गाढ झोपली होती. शेजारणीने दार बडवून बडवून शेवटी दोन गल्ल्या पलीकडे राहणाऱ्या ऋतुजा सांगळ्यांना, म्हणजे आर्वीच्या आईला, बोलावून आणलं. ऋतुजाबाईंनी आपल्याकडच्या किल्लीने दार उघडलं, नातीला उचललं आणि लेकीचा तो निवांत चेहरा पाहत तिच्या उशाशी बसल्या. तिला ही झोप का लागते, हे जगात त्यांना एकट्यांनाच ठाऊक होतं.

आजीचं नाव ऋतुजा असण्याचं त्या काळात कोणाला नवल वाटत नसे. नवल वाटायचं ते बहिरा माणूस भेटला तर, कारण नादपट्टीने बहिरेपण जवळपास संपवलं होतं. नादपट्टी म्हणजे तांदळाच्या कणीएवढा स्फटिकाचा काप. आवाजाने तो दबला की त्यात वीज उपजते आणि ती वीज थेट कानाच्या नसेला जाते. पण कानाच्या आतला भाग ओला आणि खारट. उघडी पट्टी तिथे आठवडाभरही टिकत नाही, वीज भलतीकडेच झिरपते. म्हणून तिच्यावर वीज अडवणारा एक पातळ लेप द्यावा लागतो, केसाच्या दहाव्या हिश्श्याइतका. कारखान्यातल्या बाया त्याला साय म्हणत. निर्वात हंड्यात त्या लेपाची वाफ पट्टीवर हळूहळू बसते, दुधावर साय धरावी तशी. त्याला सहा तास लागतात.

सिन्नरच्या कारखान्यात ऋतुजाबाईंनी तीस वर्षं साय धरली. तिथला पहिला नियम होता, साय धरेपर्यंत बोलायचं नाही आणि हंड्याला अंग लावायचं नाही. आत हवा नसल्याने आवाज शिरत नाही, पण पट्टी टांगतात ती सुई हंड्याच्या पत्र्याला जोडलेली असते. पत्रा थरथरला की पट्टीही थरथरते. नियमाचं खरं कारण तेव्हा कोणालाच माहीत नव्हतं. साय नीट बसणार नाही, एवढंच सांगत.

हा नियम त्यांनी एकदाच मोडला. अडीच वर्षांच्या आर्वीसाठी आलेली पट्टी त्यांच्याच हंड्यात लागली होती. या लेकराने अजून आईचा आवाज ऐकला नाही, या विचाराने त्यांना राहवलं नाही. हंड्याच्या पत्र्याला हनुवटी टेकवून सहा तास त्या अंगाई गुणगुणत राहिल्या. वेडेपणाच होता, पण कोणती आई शहाण्यासारखी वागली असती?

पुढे सोळा वर्षांनी डॉ. बागवानांनी शोध लावला. साय बसत असताना पट्टी थरथरली, तर तिच्यात उपजलेली वीज लेपाच्या थराथरांत अडकून राहते. याला त्यांनी नादमुरवण असं नाव दिलं. मुरलेला आवाज आपण होऊन वाजत नाही, पण त्याच्याशी मिळताजुळता कुठलाही आवाज कानात आला, की त्याला तो आपल्याकडे ओढून घेतो आणि आपल्याच सुरात ऐकवतो. कामगारांपुढच्या व्याख्यानात डॉक्टर हे हसत हसत सांगत होते आणि शेवटच्या रांगेत बसलेल्या ऋतुजाबाईंना ते सहा तास आठवत होते.

पण त्या गप्प बसल्या. लेकीला जग थोडं आईसारखं ऐकू आलं तर कुठे बिघडलं, असं त्यांनी मनाला समजावलं. आणि दोन वर्षांपूर्वी तर त्यांना त्या चुकीचा आधारच वाटू लागला. गाठीपायी त्यांचे स्वरतंतू काढावे लागले. उरली ती श्वासाची फुसफुस, कानाशी येऊनही कोणाला तिच्यातलं काही कळत नसे. आर्वीला मात्र सगळं कळे. तिच्या सायीला ती फुसफुस पुरेशी होती. "आई बोलते की चांगली," ती सगळ्यांना सांगे. लोकांना वाटे, लेक ओठ वाचते.

आता मिहिकाचं रडणंही त्याच सुरांना जाऊन भिडत होतं. बाळ रडलं की आर्वीला अंगाई ऐकू येई आणि तिचा डोळा लागे. नवऱ्याने रडण्याच्या आवाजाने थरथरणारा पट्टा तिच्या मनगटाला बांधून पाहिला, तर झोपेत तिने तो काढून टाकला. तापाच्या त्या दुपारनंतर आर्वी स्वतःलाच दोष देऊ लागली. आपण आई व्हायच्या लायकीच्याच नाही, असं ती रडत रडत म्हणाली, तेव्हा ऋतुजाबाई उठल्या आणि डॉ. बागवानांकडे गेल्या. त्यांनी सगळं पाटीवर लिहून दिलं.

डॉक्टरांनी पाटी दोनदा वाचली. फक्त अंगाई काढून बाकीचं ठेवता येईल का, असं बाईंनी पुढे लिहिलं होतं.

"नाही हो बाई. लोणच्यातली फोड बाहेर काढता येते, तिच्यात मुरलेलं मीठ काढता येत नाही. साय सगळीच सोलायला लागेल. पट्टी तीच राहील, वर नवी साय धरू."

मग दुसऱ्या कानाचं काही करता येईल का, असं बाईंनी लिहिलं. त्या कानाची नसच निकामी होती, हे डॉक्टरांना ठाऊक होतं.

"तुमचा आवाज ऐकणारं मग कोणीच उरणार नाही," ते म्हणाले. " आर्वीला सांगितलंय का?"

बाईंनी लिहिलं, 'सांगितलं तर ती नको म्हणेल.'

आर्वीला एवढंच सांगण्यात आलं की साय जुनी झाली आहे, बदलायला हवी. शस्त्रक्रियेच्या सकाळी ऋतुजाबाई तिच्या उशाशी बसून श्वासानेच बोलत होत्या. तिच्या पहिल्या दाताबद्दल, शाळेत हरवलेल्या डब्याबद्दल, असंच काहीबाही. आज एवढी बडबड का करते आहेस, म्हणून आर्वी हसली.

कानातून काढलेली पट्टी कारखान्यात आली, तेव्हा निवृत्त झालेल्या ऋतुजाबाईंनी तिला दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. जुनी साय त्यांनी स्वतःच्या हाताने सोलली. बोटावर आली तेव्हा तिला ना वजन होतं ना रंग, आणि पट्टीवाचून ती मुकी होती. मग हंडा बंद करून त्या सहा तास दोन हात लांब बसल्या. नियम पाळायला या खेपेला त्यांना काहीच कष्ट पडले नाहीत. रडू तेवढं येत होतं, पण त्याचाही आवाज होत नव्हता.

चौथ्या दिवशी पट्टी कानात बसली. जावई मिहिकाला घेऊन आला. डॉक्टरांचा पांढरा कोट पाहून ती भोकाड पसरून रडू लागली, आणि आर्वी दचकून खाटेवरून अर्धी खाली उतरली. तिने बाळाला छातीशी धरलं. केवढा कर्कश आवाज आहे हिचा, असं म्हणत ती हसत होती, रडत होती, पुन्हा पुन्हा ऐकत होती.

मग ती आईकडे वळली.

"आई, ऐकलंस? आता मी उठेन गं. तू पण बोल ना काहीतरी, नव्या सायीत तुझा आवाज कसा येतो बघू."

ऋतुजाबाई जवळ गेल्या आणि तिच्या कानाशी ओठ नेऊन बोलल्या. आर्वी कान देऊन थांबली, हसू तसंच ठेवून.

"मोठ्याने बोल ना, आई," ती म्हणाली.