धुतलेला दोर

विहिरीतल्या पाण्याबरोबर वर आलेला तो वास कशाचा, हे इलाला ओळखता येईना. गोडसर होता आणि थेट डोक्यात जात होता.

"आबा, हे काय आहे?"

तिचे आजोबा, केरबा शेळके, भूजलशास्त्रज्ञ (जमिनीखालच्या पाण्याचा अभ्यास करणारे) होते. त्यांनी हातातली पारदर्शक नळी उन्हात धरली. नळीत खाली पाणी होतं आणि वर दोन बोटं जाडीचा पिवळसर थर.

"पेट्रोल."

इला दचकून मागे सरली. पेट्रोल तिने फक्त संग्रहालयातल्या बाटलीत पाहिलं होतं. बोरमाळ गावचा हा पेट्रोल पंप तिच्या जन्माआधीच बंद पडला होता. आता तिथे नुसती बाभळीची झुडपं होती.

"पण टाकी तर कधीच काढून नेली ना?"

"टाकी नेली. तिच्यातून वर्षानुवर्षं जे झिरपलं ते कोण नेणार? पेट्रोल पाण्यापेक्षा हलकं असतं, म्हणून ते भूजलावर तरंगत बसलं. त्यातला थोडा भाग पाण्यात विरघळतो आणि पाण्याबरोबर चालू लागतो."

इलाने शाळेकडे पाहिलं. शाळा इथून तीनशे पावलांवर होती. शाळेच्या विहिरीशिवाय गावात पाणी नव्हतं. ती विहीर बंद झाली तर शाळाही बंद होणार होती. मग नव्वद मुलांना घाटापलीकडच्या वसतिगृहात जावं लागलं असतं. त्यात इलाही होती.

हेच तपासायला आबांनी तीन निरीक्षण विहिरी (पाणी पिण्यासाठी नाही, फक्त तपासण्यासाठी केलेल्या अरुंद विहिरी) पाडून घेतल्या होत्या. पहिली पंपाजवळ, दुसरी वाटेत, तिसरी शाळेपाशी. 'सुतार' नावाच्या यंत्रमानवाने त्या खोदल्या. खोदून झाल्यावर त्याने प्रत्येकीत बारीक चिरांचा पाईप सोडला आणि भोवती वाळू भरली. जमिनीवरचं पाणी आत जाऊ नये म्हणून वाळूवर चिकणमातीचा थर ठासून तोंडाला कुलूप लावलं.

"पाईपातलं पाणी आधी उपसून टाकायचं," आबांनी बजावलं. "ते साचलेलं असतं. ताजं पाणी आत आलं की नमुना घ्यायचा. बाटली काठोकाठ भर, हवेचा एक बुडबुडाही राहता कामा नये. नाहीतर पेट्रोल हवेत उडून जाईल. आणि प्रत्येक विहिरीला नवी नळी, ती खाली सोडायला नवा दोर."

आबा पहिल्या विहिरीशी पाण्याची पातळी मोजत थांबले. इला एकटी पुढे गेली. एकदाच वापरलेला दोर फेकायचा? तिच्या आईने कधी सुतळीचा तुकडाही टाकला नव्हता. इलाने दोर राखेने घासला, साबणाने धुतला, हुंगून पाहिला. वास गेला होता.

तासाभरात सुतारच्या पोटातल्या प्रयोगशाळेतून निकाल आला. तोवर सरपंच रंजनाताईही आल्या होत्या.

"तिसरी विहीर," सुतार म्हणाला. "बेन्झिन (पेट्रोलमधला विषारी घटक) मर्यादेच्या दुप्पट. दुसऱ्या विहिरीत त्याहून कमी."

रंजनाताई मटकन दगडावर बसल्या. "शाळेत आलंसुद्धा? पोरं रोज हेच पितात, केरबाकाका!" त्यांनी फोन काढला. "विहिरीला आजच झाकण ठोकते."

आबांचा चेहरा पांढरा पडला होता. "दुसरीपेक्षा तिसरीत जास्त? वाटेत कमी आणि पुढे जास्त, असं कसं होईल?"

इलाने हातातला दोर पुढे केला.

"आबा... दोर तोच होता. पहिल्या विहिरीचा. दुसरीला नवा घेतला, पण तिसरीला आणखी एक नवा वापरायला जिवावर आलं. मी धुतला होता."

"धुतलास?" रंजनाताई ओरडल्या. "अगं, ती काय खरकटी कढई आहे?"

आबा मात्र हळूच खाली बसले. "दोराच्या धाग्यांत पेट्रोल मुरतं, बाळा. आपण जे मोजतोय ते टँकरभर पाण्यातल्या थेंबाइतकं असतं. आपल्या नाकाला तो थेंब कळत नाही, सुतारला कळतो."

तिसरी विहीर पुन्हा भरपूर उपसली. नवी नळी, नवा दोर. पुन्हा एक तास गेला. त्या तासात इलाने नखं कुरतडून संपवली.

"बेन्झिन आढळलं नाही," सुतार म्हणाला.

रंजनाताईंनी डोळ्यांना पदर लावला. पण आबा पातळ्यांच्या कागदावरून मान वर करेनात.

"भूजलाचा उतार शाळेकडेच आहे. दुसऱ्या विहिरीपर्यंत ते पोचलंय. या चालीने शाळा गाठायला पाच-सहा वर्षं लागतील."

"म्हणजे येणारच?" इला हादरली.

"थांबवलं नाही तर. पण आपल्याला पाच वर्षं आधी कळलंय ना! तरंगणारं पेट्रोल उपसून काढू. विरघळलेलं खाणारे जिवाणू मातीत असतात, त्यांना खाली हवा पुरवू. आणि दर तीन महिन्यांनी नमुने घेऊ."

"कोण घेणार नमुने?" रंजनाताईंनी विचारलं.

इलाने हात वर केला.

"घे. दोर पंचायत देईल, हवे तेवढे," रंजनाताई म्हणाल्या. "धुणं मात्र घरचं धू."