पृथ्वीजल

बाटली बोटभर उंचीची होती. निळसर काच, बुचावर लाल लाख, पोटावर पृथ्वीचा गोल आणि आत जेमतेम दोन घोट पाणी. मंगळावरच्या अरुणपूर शहरात जलपरीक्षण प्रयोगशाळेच्या टेबलावर ती ठेवलेली होती आणि डॉ. केतकी खानझोडे कितीतरी वेळ तिच्याकडे नुसती बघत बसली होती.

"यंत्र काय म्हणतंय?" प्रयोगशाळेचे प्रमुख सोनटक्के सर चहाचा पेला हातात घेऊन आत आले.

"यंत्राला अजून दाखवलेलीच नाही, सर."

"घाबरलीस की काय?"

"हो," केतकीनं सरळ सांगून टाकलं. "परवा माझ्या लेकीचं बारसं आहे. हे खोटं निघालं तर बाळाच्या जिभेवर काय ठेवू?"

अरुणपुरात बारशाला बाळाच्या जिभेवर पृथ्वीच्या पाण्याचा थेंब ठेवतात. माणूस जायला टेकला की त्याच्या ओठांनाही तेच पाणी लावतात. ही रीत पाडली मंगळावर पहिल्यांदा उतरलेल्या एकतीस जणांनी. पुढे कुणीतरी उठवलं की ते पाणी प्यायल्यानं त्वचा तरुण राहते. मग लग्नात पाहुण्यांना बाटल्या वाटायची टूम निघाली आणि आता तर ऑफिसच्या बैठकीतही प्रत्येकापुढे निळी बाटली नसली तर यजमानाचं नाक कापलं जातं. नळाला स्वच्छ, थंड पाणी असतं, पण ते केवळ मंगळावरच्या बर्फाचं!

"आपल्या पूर्वजांनीही हेच केलं," सोनटक्के सरांना हा विषय मिळाला की ते खुलत. "आधी माणूस झऱ्यापाशी जायचा. मग झरा माणसाकडे यायला लागला. काशीहून गंगेचा गडू तोंड डाख लावून बंद करून आणायचे, परदेशात औषधी झऱ्यांचं पाणी बाटलीत भरून विकायचे. औषध म्हणून सुरू झालं, प्रवासात सोय म्हणून वाढलं आणि शेवटी सवय होऊन बसलं. नळ शेजारीच असायचा बरं का! तो बिचारा वाट बघत ठिबकत राहिला."

केतकी हसली, पण मनातून ती हलली होती. पृथ्वीवरून पाणी घेऊन येणारं यान गेल्या अकरा वर्षांत आलेलं नव्हतं आणि बाजारात बाटल्या मात्र वाढतच होत्या. नगरसमितीला त्यात काळंबेरं दिसलं आणि तिनं ही बाटली तपासायला पाठवली. पाणी खोटं ठरलं तर बाटल्या भरणाऱ्या कारखान्याला कुलूप लागणार आणि बारशाची, शेवटच्या घोटाची ही रीतच बुडणार. केतकीनं स्वतःच्या बाळासाठी बाटलीची नोंदणी केली होती, तिचाही पत्ता नव्हता.

"समितीपुढे काय सांगशील?" सरांनी विचारलं. "म्हणून दाखव. शाळकरी पोराला सांगतात तसं सांगावं लागेल."

"हायड्रोजनचे काही अणू दुप्पट जड असतात," केतकी म्हणाली. "पृथ्वीच्या पाण्यात साडेसहा हजारांमागे असा एखादा. मंगळाची ओढ कमी, हवा विरळ. त्यामुळे इथला हलका हायड्रोजन अब्जावधी वर्षं अवकाशात निसटत राहिला आणि जड मागे उरला. इथल्या बर्फात जड अणू पाचपट आहेत. पाण्याचं जन्मगाव लपत नाही."

"कोणी जड अणू वेगळे काढून टाकले तर?"

"तर ऑक्सिजन चुगली करेल. त्यातही जड-हलके असतात. दोन्हींचं प्रमाण एकाच वेळी जुळवून आणणारा कारखाना मंगळावर नाही."

"मग फोड ती लाख."

तिनं लाख फोडली. अणुभारमापकानं बाटलीतले दोन्ही घोट गिळले, घरघर केली आणि पडद्यावर दोन रेषा उमटल्या. हायड्रोजन पृथ्वीचा. ऑक्सिजनही पृथ्वीचा.

केतकीचा जीव भांड्यात पडला. पण सरांचं बोट पहिल्या रेषेच्या टोकावर थांबलं होतं. रेषा पृथ्वीच्या खुणेपेक्षा केसभर वर होती.

"पुन्हा पुन्हा उकळलेल्या आमटीसारखं झालंय हे," केतकी हळूहळू म्हणाली. "दर वेळी वाफ झाली, गार झाली आणि थोडी हलकी वाफ गळून गेली. इतका फरक पडायचा तर हे पाणी हजारो वेळा फिरलेलं असणार. सर, हे पृथ्वीचंच आहे, पण पृथ्वीवरून नव्यानं आलेलं नाही. हे वर्षानुवर्षं इथेच कुठेतरी फिरतंय!"

दुपारी ती भुयारी गाडीनं आद्यवस्तीत गेली. पहिल्या यानाचा सांगाडा जमिनीत पुरून केलेली ही वस्ती आता ओस होती. तिथेच पृथ्वीजलाचा कारखाना होता आणि तो चालवत होत्या दमयंती होले. त्या एकतिसांपैकी आता एवढ्या एकट्याच उरल्या होत्या. केतकीचे वडील, श्रीरंग खानझोडे, त्यांच्याच तुकडीतले.

"उशीर केलास गं," दमयंतीबाई म्हणाल्या. "मला वाटलं, श्रीरंगाची मुलगी म्हणजे पाच वर्षांपूर्वीच पकडेल."

"मावशी, कुठलं पाणी विकताय तुम्ही?"

त्यांनी भिंतीवर थाप मारली. "यानाच्या भिंतीत चाळीस हजार लिटर पाणी होतं. जलकवच. अवकाशातले किरण अडवायला. उतरल्यावर तेच प्यायलो, त्यातच भाजी पिकवली, आमचा घाम, आमचं मूत्र, आमचा श्वास, सगळं गाळून परत तेच प्यायलो. नंतर बर्फाचा कारखाना झाला, शहर झालं. ही वस्ती शहराच्या पाण्याला जोडल्याचं जाहीर झालं, समारंभही झाला. झडप मात्र मी कधी उघडलीच नाही."

"पण लोकांना वाटतं, ताजं पृथ्वीवरून येतंय!"

"लेबलवर 'पृथ्वीचं पाणी' एवढंच आहे. 'ताजं' कुठे लिहिलंय, दाखव." दमयंतीबाई मिश्किल हसल्या, मग गंभीर झाल्या. "आणि किळस आली असेल तर ऐक. पृथ्वीवरही असंच चालतं. तिथे टाकी मोठी आहे, एवढाच फरक."

केतकीच्या मनात एकदम एक विचार आला. मंगळावर देह जाळत नाहीत, पुरत नाहीत. देहातलं पाणी काढून घेतात आणि ज्या वस्तीचं, त्या वस्तीला परत देतात. जलार्पण म्हणतात त्याला.

"बाबा गेले तेव्हा मी ध्रुवावरच्या तळावर होते," ती म्हणाली. "त्यांचं जलार्पण..."

"इथेच झालं. मीच केलं. तीसही जणांचं मीच केलं गं."

केतकीनं थंड नळीवर हात ठेवला. आठ वर्षं तिला वाटत होतं की बाबांचं काहीच मागे उरलं नाही. शहरातल्या बारशांना, लग्नांना ते जाऊन आले होते आणि तिला त्याचा पत्ताही नव्हता. तिला हसू आलं, रडूही आलं आणि त्या दोन्हींहून मोठं असं काहीतरी छातीत भरून आलं.

"मला एक बाटली द्या, मावशी. आत्ताच."

दमयंतीबाईंनी टाकीचं झाकण उघडलं. आत कोरडा, चकचकीत धातू होता. "संपलं, राणी. मागणीच इतकी वाढली. शेवटच्या भरतीतली शेवटची बाटली तुझ्या प्रयोगशाळेत गेली."

परतीच्या गाडीत केतकी खिडकीला डोकं टेकवून बसली. तिच्याच हातांनी तर ती बाटली यंत्रात रिकामी केली होती! बाबांना तिनं दुसऱ्यांदा घालवलं होतं. चाळीस हजार लिटर. सगळं लोकांनी पिऊन टाकलं. पिऊन टाकलं म्हणजे नेमकं काय केलं?

ती ताठ बसली.

प्रयोगशाळेत शिरल्या शिरल्या तिनं हात धुवायचा नळ सोडला आणि परीक्षानळी त्याखाली धरली. सरांनी भुवया उंचावल्या. यंत्रानं घरघर केली. पाणी मंगळाचंच होतं, पण रेषा बर्फाच्या खुणेच्या केसभर खाली उतरली होती.

"शहराच्या साठ्यात दहा कोटी लिटर पाणी आहे, गाळून पुन्हा पुन्हा तेच फिरतं," केतकी म्हणाली. "बाटल्या प्यायलेल्यांच्या अंगातून आद्यवस्तीतले ते तीसही जण त्यात उतरलेत, सर. एका माणसाचं चाळीस लिटर जरी धरलं, तरी आज कुठल्याही नळाच्या एका थेंबात त्याचे कोटी वेळा कोटी अणू निघतील. हिशेब करून बघा."

सरांनी हिशेब केला नाही. ते नळाच्या धारेकडे बघत राहिले. मग त्यांनी चहाचा पेला विसळला, तो धारेखाली धरून भरला आणि दोन्ही हातांनी उचलून प्यायले.

समितीला केतकीनं एकच शब्द कळवला: खरं.

बारशाला घर माणसांनी भरलं. पाळण्याभोवती सगळे निळ्या बाटलीची वाट बघत होते. सासूबाईंनी दोनदा डोळ्यांनी खुणावलं. केतकी उठून स्वयंपाकघरात गेली. नळ सुटल्याचा आवाज बाहेर सगळ्यांना ऐकू आला आणि कुजबुज सुरू झाली. ती वाटीत पाणी घेऊन आली, त्यात बोट बुडवलं आणि बाळाच्या जिभेवर टेकवलं.

"अगं, नळाचं?" सासूबाई न राहवून म्हणाल्या.

"हो," केतकी म्हणाली. "तिचे आजोबा आहेत त्यात."

बाळानं ओठ चाटले आणि आणखी हवं म्हणून तोंड उघडलं.