दुसऱ्याची उत्तरं

डॉक्टर मोइरा किओ शनिवारी दुपारी हीटरची गॅसची टाकी भरून आणायला निघाली होती. पृथ्वीच्या या दक्षिणेकडच्या अर्ध्या भागात हिवाळा जून-जुलैत येतो, आणि तेव्हा कुराबिल गावचं धुकं एकदा नदीवरून वर चढलं की जेवणवेळ टळून गेली तरी उठत नाही. संत्र्यांच्या बागा, रेल्वेचे रूळ, चर्चचं पत्र्याचं छप्पर, सगळं त्यात बुडालेलं होतं. पेट्रोलपंपाचा दिवा दुधात पडलेल्या केशराच्या काडीसारखा कसाबसा दिसत होता.

टाकी डिकीत ठेवत असतानाच फोन वाजला. इस्पितळातून वेंडेल बोलत होता, त्या दिवशी ड्यूटीवर असलेला एकमेव नर्स.

"डॉक, येता का जरा? रेक्स हार्टिगनला आणलंय. ट्रेलरचं लोखंडी फळकं सुटून कानशिलावर बसलं. थोडा वेळ शुद्ध हरपली होती म्हणे. आता मला शिव्या घालतोय, म्हणजे बरा असावा."

मोइरानं डिकी आपटून बंद केली. ते नाव ऐकल्याबरोबर तिच्या मनात जे आलं, ते डॉक्टरच्या मनात येऊ नये असं होतं. तिनं ते गिळलं आणि गाडी वळवली.

रेक्स हार्टिगन म्हणजे मजुरांचा ठेकेदार. दर हिवाळ्यात समुद्रापलीकडच्या वानुआटूच्या बेटांवरून माणसं आणायची, पत्र्याच्या खोल्यांत कोंबायची आणि उजाडायच्या आत संत्री तोडायला उभी करायची, हा त्याचा धंदा. गावात त्याला मान होता. फुटबॉलच्या मैदानाला कुंपण त्यानं घालून दिलेलं, चर्चच्या जेवणाला फळं त्याच्याकडची. अशा माणसाबद्दल कुणी वावगं बोललं की सगळ्या गावाला एकदम खोकला येतो आणि विषय बदलतो.

गेल्या हिवाळ्यात त्याचा एक मजूर शिडीवरून पडला. नीपिको त्याचं नाव. त्यांतल्याच ज्वालामुखीच्या तान्ना बेटावरचा, तिशीही न गाठलेला. मोइरा तेव्हा बहिणीकडे गेली होती आणि तिच्या जागी तात्पुरता आलेला एक डॉक्टर होता. रेक्सनंच नीपिकोला गाडीत घालून आणलं. डोक्याला मार लागलेल्या माणसाला जे विचारायचं असतं ते त्या डॉक्टरनं विचारलं. नाव काय, कुठं आहेस, महिना कोणता, काय झालं. उत्तरं सगळी बरोबर आली. डॉक्टरनं निदान केलं: डोक्याला सौम्य दुखापत.

सौम्य. कवटीच्या आत रक्त साचतंय आणि वरून हा मलमलीचा शब्द. ज्यानं कुणी तो काढला असेल, त्याच्या डोक्यावर शिडी पडलेली नसणार हे नक्की.

रेक्स नीपिकोला परत घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी बाकीच्यांना बागेत नेलं आणि याला "झोपू दे" म्हणून खोलीत ठेवलं. संध्याकाळी माणसं परतली तेव्हा तो गार पडला होता. रीतसर चौकशी झाली. रुग्ण पूर्ण भानावर होता, प्रत्येक उत्तर अचूक होतं, सबब दोष कुणाचाच नाही. चौकशीला आलेल्यांनी चहा घेतला, बिस्किटांची तारीफ केली आणि ते गेले.

खरं काय घडलं ते मोइराला नीपिकोच्या चुलतबहिणीनं सांगितलं. एस्तर तिचं नाव. तीही त्याच बागेत कामाला होती आणि त्या दिवशी भावाबरोबर इस्पितळात आली होती. चर्चच्या मागं ताटं विसळता विसळता ती खालच्या आवाजात म्हणाली, "डॉक्टरबाई, नीपिको एक शब्द बोलला नाही. तो भिंतीकडे बघत होता. उत्तरं बॉसनं दिली."

"आणि डॉक्टर?"

"डॉक्टर कॉम्प्युटरकडे बघत होता."

मोइरा तडक चौकशीवाल्यांकडे गेली. एस्तरला बोलावू म्हणाले. बोलावेपर्यंत एस्तर तान्नाला पोचलीसुद्धा होती. हंगाम संपायच्या आधीच तिला घरी धाडायची दयाबुद्धी रेक्सला झाली होती.

तर तो रेक्स आता पडद्यामागच्या पलंगावर पाय हलवत बसला होता. कानशिलावर रक्तानं भिजलेला टॉवेल, बुटांना बागेतला चिखल. खोलीत फिनेलचा वास, आणि भिंतीतला हीटर तापताना टिक टिक करत होता.

"टाके घाल आणि सोड मला, मोइरा," तो म्हणाला. "आज मॅच आहे. माझ्याशिवाय टॉस उडत नाही."

"आज उडेल. नाव सांग."

"विसरलीस? माझ्याच संत्र्यांचा मुरंबा खातेस की सकाळी पावाला लावून."

तिनं सगळं तपासलं. प्रश्नांची उत्तरं त्यानं टोमण्यांत गुंडाळून पण बरोबर दिली. हातापायांत जोर होता, डोळ्यांच्या बाहुल्या सारख्या होत्या. डोक्याचा स्कॅन काढायचं यंत्र कुराबिलला नाही. ते मोठ्या शहरात, आणि तिथं कुणाला धाडायचं, कुणाला नाही, याचे नियम ठरलेले. या नियमांप्रमाणे रेक्सला काही तास नजरेखाली ठेवायचं, पुन्हा पुन्हा तपासायचं आणि सगळं ठीक राहिलं तर घरी सोडायचं, एवढंच होतं.

त्याची बायको ग्लेनिस बाहेर बाकावर बसली होती. तिला थांबणं पसंत नव्हतं. घरी मी बघेन की त्याच्याकडे, इथं पडून तो काय वेगळं करणार, असं तिचं म्हणणं. मोइरानं तिला गप्प केलं, टाके घातले आणि ती बाहेर आली. वेंडेलनं तिच्यासमोर चहा ठेवला आणि विचारलं की रेक्सच्या डोक्यात काही सापडलं का. मोइराला हसू आलं नाही.

पुढच्या तपासणीची वेळ झाली तेव्हा वेंडेल पलीकडच्या वॉर्डात एका म्हातारीचं सलाइन बदलत होता. मोइरा चाकांच्या टेबलावरचा कॉम्प्युटर ढकलत आत गेली आणि तिनं पडदा ओढून घेतला. खिडकीबाहेर धुकं अजून तसंच चिकटलेलं. छपरावर कुठलासा पक्षी नखं घासत चालत होता. रेक्स आडवा झाला होता. ती स्टुलावर बसली, बोटं कळांवर ठेवली आणि कॉम्प्युटरच्या स्क्रीनकडे बघून विचारू लागली. हल्ली सगळेच तसं करतात. माणूस पाठीमागं असतो आणि डॉक्टरचं तोंड यंत्राकडे.

"नाव?"

"रेक्स हार्टिगन."

"कुठं आहेस?"

"कुराबिलच्या इस्पितळात."

"महिना कोणता?"

"जुलै."

"काय झालं तुला?"

"फळकं लागलं, डॉक्टर... कानशिलावर."

प्रत्येक उत्तराला गुण टाकायचे असतात. पैकीच्या पैकी. तिनं शेवटचा आकडा टाकला आणि तिची बोटं थांबली. इतक्या वर्षांत रेक्सनं तिला कधी डॉक्टर म्हटलं नव्हतं. आवाज त्याचाच होता, सिगारेटींनी खरवडलेला. पण तो पलंगावरून आला नव्हता. पलंगाच्या अलीकडून आला होता, भेटायला येणाऱ्यांसाठी ठेवलेल्या खुर्चीच्या उंचीवरून.

ती वळली. खुर्ची रिकामी होती. रेक्सचं तोंड भिंतीकडे होतं, डोळे अर्धे उघडे. आणि खोलीतला फिनेलचा वास कधी गेला ते तिला कळलं नव्हतं. आता तिथं झाडाखाली पडून सडलेल्या संत्र्यांचा वास होता, आणि त्यात कसलीशी थंड राख.

ती उठून रेक्सच्या तोंडाशी वाकली.

"रेक्स... नाव सांग."

"रेक्स हार्टिगन," आवाज म्हणाला.

रेक्सचे ओठ मिटलेले होते. दोन्ही ओठांमध्ये वाळलेल्या लाळेची एक तार होती. ती तुटली नव्हती.

"उजवा हात वर कर."

"केला..."

हात चादरीवर तसाच पडला होता, बोटं आत वळलेली.

पडद्यापलीकडून ग्लेनिसनं विचारलं, "झालं का गं? उत्तरं तर सगळी बरोबर देतोय, मला इथपर्यंत ऐकू येतंय. नेऊ का त्याला?"

खुर्चीच्या बाजूनं आवाज अगदी हळू, अदबीनं म्हणाला, "लिहा ना, डॉक्टर... सगळं बरोबर आहे... जाऊ द्या त्याला घरी."

नोंद पक्की करायला एक कळ दाबायची बाकी होती. आकडे समोर होते आणि ते निर्दोष होते. उद्या चौकशी झाली तर साक्षीला रेक्सची स्वतःची बायको होती. पुन्हा तोच चहा, तीच बिस्किटं, दोष कुणाचाच नाही. जो कायदा नीपिकोला लावला तोच रेक्सला लागणार होता, यात अन्याय कसला? मोइराचं बोट त्या कळेवर जाऊन टेकलं. ते नुसतंच टेकलं होतं असं म्हणणं खोटं ठरेल. तिला ती दाबायची होती. वर्षभर घशात अडकलेला काटा निघायला त्या एका बोटाचंच काम उरलं होतं.

मग तिनं तेच बोट उचललं आणि त्यानं रेक्सची पापणी वर केली. एक बाहुली टाचणीच्या डोक्याएवढी. दुसरी बटणाएवढी, आणि टॉर्चचा उजेड पडला तरी ढिम्म. कवटीच्या आत रक्त मेंदूला रेटत होतं. वेळ होता, पण फार नव्हता.

"नाही," ती खुर्चीकडे बघून म्हणाली. तिचा आवाज रागानं थरथरत होता आणि तो राग नेमका कुणावर हे तिलाही सांगता आलं नसतं. "याच्यासाठी करत नाहीये मी. जे करायला हवं असतं, तेवढंच करतेय."

हीटरची टिक टिक थांबली. छपरावरची नखं थांबली. मग आवाज आला. या खेपेला तो रेक्सचा नव्हता. तरुण होता, आणि शब्द जपून, एकेक करून उच्चारत होता.

"मग... माझ्यासाठी का नाही?"

मोइरानं पडदा खसकन बाजूला सारला आणि वेंडेलला हाक मारली.

पुढचं सगळं भराभरा झालं. शहरातून हेलिकॉप्टर निघालं, ते फुटबॉलच्या मैदानावर उतरणार होतं. धुकंसुद्धा ठेकेदाराचा मान राखून वर उठलं. फुटबॉलची मॅच थांबवली गेली, खेळाडू कडेला उभे राहिले, आणि रेक्सचं स्ट्रेचर त्यानंच घातलेल्या कुंपणातून आत नेताना लोकांनी टोप्या काढल्या. बायका रडल्या. फुटबॉल क्लबच्या अध्यक्षानं मोइराचा हात दोन्ही हातांत धरला आणि गावावर तुमचे उपकार आहेत म्हणाला. हेलिकॉप्टर गेल्या वर्षीही तिथंच होतं. आकाशही होतं. नीपिकोसाठी कुणी काडी हलवली नव्हती, आणि टोपी तर सोडाच, तो मेला त्या संध्याकाळी याच क्लबात सोडतीची तिकिटं विकली जात होती. मोइरानं अध्यक्षाच्या हातांतून आपला हात ओढून घेतला आणि हे त्याला तिथंच, सगळ्यांदेखत ऐकवलं. गावाला खोकला आला.

रेक्स वाचला. शहरातल्या डॉक्टरांनी रक्त काढलं, कवटी पुन्हा बसवली, आणि संत्र्यांना फुलं आली तेव्हा तो घरी परतला होता.

ग्लेनिस त्याला घेऊन मोइराच्या दवाखान्यात आली ती सकाळ लख्ख होती. फुलांचा वास खिडकीतून आत लोटत होता. रेक्स स्वतःच्या पायांनी चालत आला, टोपी मांडीवर घेऊन नीट बसला. कानावरून मागं गेलेला व्रण गुलाबी आणि स्वच्छ होता. ग्लेनिस सांगत होती की जेवण छान आहे, झोप छान आहे, ट्रकसुद्धा चालवतो, शहरातल्यांनी पूर्ण बरा म्हणून सांगितलंय. सांगता सांगता ती अडखळली.

"फक्त एक आहे गं. कुणी काही विचारलं की हा थांबतो. बाजूला बघतो. मग बोलतो. उत्तर बरोबरच असतं. पण चहात साखर किती एवढं विचारलं तरी आधी तिकडे बघतो."

मोइरानं कॉम्प्युटर बंद केला. आपली खुर्ची ओढून ती रेक्सच्या समोर, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ बसली.

"रेक्स, तुझं नाव काय?"

त्यानं मान डावीकडे वळवली. तिकडे भिंत होती, आणि भिंतीच्या अलीकडे कुणीच नव्हतं. तो वाट पाहू लागला. बागेच्या कोपऱ्यावर मजूर काम मिळण्याची वाट पाहत उभे राहतात तसा, मान किंचित खाली घालून. कपाळावर घामाचे थेंब जमले. एक ओघळून व्रणापाशी आला. ग्लेनिसनं रुमाल पुढं केला, पण त्याला तो दिसला नाही.

"रेक्स, मी विचारतेय तुला," मोइरा म्हणाली. "माझ्याकडे बघ."

त्यानं तिच्याकडे बघितलं नाही. ओठ हलले, पुन्हा मिटले. मग त्या रिकाम्या जागेवरची नजर न काढता तो पुटपुटला,

"आज तो... सांगतच नाहीये."