एकवीस दिवसांची अरबी

किकवीच्या रत्नाला अरबी शिकायला एकवीस दिवस होते, आणि त्यातला पहिला दिवस शिकवणारं माणूस शोधण्यातच गेला.

नसरापुरात औषधांच्या दुकानात काम करणारी मुलगी. बारावीला इंग्रजीच्या पेपरानं तिला घाम फोडलेला. तिनं अरबी शिकायची म्हणजे चेष्टाच की! पण इलाज नव्हता. तिचा धाकटा भाऊ हनुमंत आखातात इमारतीच्या कामावर होता. भर जूनमध्ये तो कामावरच उन्हानं गेला. पंधरा दिवसांनी पेटी आली, सारोळ्याला नीरेत राख सोडली, आणि त्या दिवसापासून आई, ठकुबाई, एकच विचारत राहिली.

"शेवटाला काय म्हनला आसंल गं माझा ल्योक?"

चहा ठेवताना तेच, भाकरी थापताना तेच. स्वतःच्या ताटातली भाकरी मात्र कुत्र्याला जायची. रत्नानं दोनदा मनाचं काहीतरी सांगून बघितलं. म्हातारीनं नुसती मान हलवली. खोटं तिला बरोबर कळायचं.

शेवटच्या घटकेला हनुमंताजवळ एकच माणूस होता, तिथला म्हातारा रखवालदार, अबू सालिम. कंपनीच्या माणसानं फोनवर सांगितलं, "म्हातारा हट्टाला पेटलाय. मेलेल्याचा शब्द आहे, घरच्यांनाच सांगेन म्हणतो, मधे दुसरं माणूस नको. आणि महिनाअखेर तो नोकरी सोडून गावी चाललाय. तिथं फोन लागत नाही."

पुण्याच्या शेफाली मॅडम आखातात जाणाऱ्या नर्सना मोबाईलवर अरबी शिकवायच्या. रत्नानं त्यांना गाठलं.

"तीन आठवड्यांत? अहो, अक्षरं ओळखायलाच पंधरा दिवस जातात."

"अक्षरं नगंत, मॅडम. ऐकायला आन् बोलायला शिकवा."

रोज सकाळी साडेसहाला अर्धा तास. मग एसटीत खिडकीशी बसून रत्ना पुटपुटत राहायची. घशाच्या तळातून काढायचा एक आवाज तिला काही केल्या जमेना. शेजारच्या बाईला वाटलं, पोरीचा घसा बसलाय. तिनं पिशवीतून आल्याची वडी काढून दिली.

नवव्या दिवशी तो आवाज एकदम जमला. मॅडमनी बांधकामाचं चित्र दाखवलं, कामगाराला काय म्हणतात विचारलं. रत्नानं सांगितलं, आणि पुढे बोट ठेवून म्हणाली, "सक्काला."

"परांची. बरोबर आहे. पण हा शब्द कुठं मिळाला?"

"तुमीच दिला आसंल."

"नाही हो. मलाच आत्ता कोशात बघावा लागला."

त्यानंतर शब्द आपसूक यायला लागले. बादलीचा, दोराचा, सावलीचा. पाठ केलेलं आठवावं लागतं. हे आठवावं लागत नव्हतं, तोंड उघडलं की जिभेवर हजर. त्यांच्याबरोबर घशाला कोरड पडायची आणि दातांत सिमेंटची कचकच लागायची. बाहेर पावसाची बुरबुर असताना एसटीत तिच्या मानेवर ऊन लागायचं. रत्ना पदरानं मान झाकून घ्यायची. तिला भीती वाटत होती, पण दिवस मोजून उरलेले, थांबून कसं चालेल?

चौदाव्या दिवशी मॅडम म्हणाल्या, "पुन्हा चुकलात. तअबान म्हणजे मी दमलो. तुम्ही बाई आहात, तअबाना म्हणा. मी दमले."

"तअबान," रत्ना म्हणाली.

"तअबाना."

"तअबान." तिनं जोर लावला, पण शेवटचा आकार काही तोंडातून निघेना. मॅडम हसल्या नाहीत. "तुम्ही कामगारांच्या वस्तीत राहून आल्यासारख्या बोलता," एवढंच म्हणाल्या आणि त्या दिवशी शिकवणी लवकर आटपली.

त्याच संध्याकाळी घरात पाऊल टाकताना रत्ना म्हणाली, "आई, म्या आलो."

आपण काय बोललो ते तिच्या ध्यानात आलं आणि अंगावर काटा आला. चुलीपुढच्या ठकुबाईनं वळूनसुद्धा पाहिलं नाही.

"ये रं," ती म्हणाली. "हात धू."

विसाव्या दिवशी, रविवारी दुपारी, रत्नानं अबू सालिमला फोन लावला. आई समोर पोत्यावर बसली होती.

रत्नानं नाव सांगितलं, कशासाठी फोन केला ते सांगितलं.

"माझ्या गावचा हेल तुला कुणी शिकवला?" म्हाताऱ्यानं विचारलं. "तो इथं कुणाचा नाही. मी फक्त त्याला शिकवला होता."

रत्नानं थेट विचारलं. "तो शेवटी काय म्हणाला, चाचा?"

"पाणी मागत होता, पोरी. 'माय, माय' म्हणत होता. मी बाटली ओठांना लावली, त्यानं तोंड फिरवलं. पुन्हा म्हणाला, 'माय'. मी डोक्यावर ओतलं. पाणी मागतो आणि पाणी घेत नाही! तीन महिने झाले, मला घास गोड लागत नाही. सांग, माझं काय चुकलं?"

रत्नानं आईकडे पाहिलं.

तिकडच्या बोलीत पाण्याला माय म्हणतात, हे तिला आत्ता कळत होतं. इतके शब्द आपल्या पायांनी चालत आले, हा एकच आला नव्हता. रत्ना आईला आई म्हणायची. हनुमंत मात्र लहानपणी रानात उतरलेल्या ऊसतोडीच्या पोरांत खेळून 'माय' शिकला, आणि साऱ्या घरात तो एकटाच तसं म्हणायचा.

"तुमचं काही चुकलं नाही," ती अरबीत म्हणाली. "आमच्या भाषेत माय म्हणजे आई."

पलीकडे म्हातारा हमसून रडायला लागला.

रत्ना आईपुढे बसली. "तुलाच हाक मारत हुता, आई. शेवटपत्तुर तुलाच."

ठकुबाईनं छाती पिटून हंबरडा फोडला. तीन महिन्यांत ती पहिल्यांदा रडत होती. रात्री तिनं आपण होऊन अर्धी भाकरी खाल्ली.

सकाळी साडेसहाला मॅडमचा फोन आला. त्या काहीतरी म्हणाल्या. रत्नाला अक्षर कळलं नाही.

"काय म्हनला, मॅडम?"

"अहो, शुभ सकाळ म्हणाले. पहिल्या दिवशीच शिकवलं होतं की."

रत्ना आठवू लागली. एकसुद्धा शब्द नाही. घसा ओला होता, दात स्वच्छ होते. आपला भाऊ इतके दिवस आपल्या तोंडात होता आणि आपणच त्याला निरोप दिला, हे कळून तिला रडू कोसळलं. तशीच फोन कानाला लावून ती बसून राहिली.

बाहेर दारात ठकुबाई बोलत होती. हळू आवाजात, घशाच्या तळातून.

"रत्ना," मॅडम दबक्या सुरात म्हणाल्या, "हे कोण बोलतंय?"

"आई."

"त्यांना अरबी येते?"

"न्हाई. काय म्हनतीय ती?"

मॅडमनी नीट कान देऊन ऐकलं.

"'आत ये,' म्हणताहेत. 'बाहेर का उभा राहिलास?'"

रत्नानं दाराकडे पाहिलं. अंगणात कुणी नव्हतं. ठकुबाई उंबऱ्यावर उभी होती. तिनं लुगडं सावरलं आणि ती चौकटीला टेकून बाजूला सरली, आत येणाऱ्याला वाट द्यावी तशी.